पिंगूची माणसं

वाकडला मुलाच्या इमारतीत खाली पाहुण्यांना बसायची जागा आहे. गेल्या आठवड्यात लिफ्ट बंद होती, म्हणून तिथे बराच वेळ बसून राहिले. समोरच्या काचेच्या फळीवर लांब मानेची एक काळी लाकडी बाई ठेवलेली होती. सजावट करणाऱ्यांनी कुठूनतरी आणलेली. कुणी बघत नाही असं पाहून मी उठले, तिच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. कसलाच वास आला नाही. थोडं पॉलिश होतं, तेही वरवरचं. तळाशी पाहिलं तर काळा रंग उडून आतलं पांढरं, भुसभुशीत लाकूड दिसत होतं.

वॉचमन म्हणाला, "आज्जी, हवीये का? पडूनच असती."

मी नको म्हणाले. पण त्या दिवसापासून जवसाच्या तेलाचा वास काही नाकातून जात नाही.

आमचं घर चिंचवड गावठाणात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. आम्ही सुतार. पुढच्या पडवीत आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं काम चाले. रंधा सुरू झाला की सगळ्या घरात बाभळीचा तुरट वास भरायचा आणि भुशाचा एक पातळ थर भाकरीवरसुद्धा बसायचा. आतल्या खोलीत मात्र वेगळा वास होता. ती खोली सरूकाकीची. तिथे भिंतीत लांब फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर दामूकाकानं आफ्रिकेतून आणलेली लाकडाची माणसं ओळीनं उभी होती.

दामूकाका म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. नैरोबीला रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचं सुतारकाम करायला गेलेला. काही वर्षांनी रजेवर यायचा. इतरांच्या घरचे लोक परदेशातून कापड आणत, घड्याळं आणत. आमचा काका ट्रंकेत धोतरांच्या घड्यांमध्ये गुंडाळून लाकडं आणायचा. गल्लीला हसायला एवढं पुरे होतं. सुताराच्या पोरानं समुद्रापलीकडून लाकूड आणलं, असं म्हणून लोक पडवीत बसून आबांना चिडवायचे. आबाही हसायचे. पण ते निघून गेले की एखादी मूर्ती हातात घेऊन खिडकीशी जायचे आणि तिच्या गुडघ्यावरून, कानाच्या पाळीवरून अंगठा फिरवत उभे राहायचे.

काय काय होतं त्या फळीवर! पाठीला मूल बांधलेली बाई होती. कानाच्या पाळ्या खांद्यापर्यंत लोंबणारा म्हातारा होता, त्याच्या गालांवर बारीक रेघा कोरलेल्या. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली एक मुलगी होती, ती मला माझीच वाटायची. आणि या सगळ्यांत उंच, हात अंगाला चिकटवून सरळ उभा असलेला एक पुरुष. तो काकानं शेवटच्या रजेत आणला, लढाई संपली त्या साली. तेव्हा मी फार लहान होते. काकाच्या मिशांचा आणि परक्या साबणाचा वास तेवढा आठवतो. आणि आपला एक हात माझ्या हातावर ठेवून, दुसऱ्या हातानं त्या उंच माणसाच्या पाठीवरून माझं बोट फिरवत त्यानं विचारलं होतं, "बघ, जोड सापडतो का?" जोड नव्हताच. सगळं एका ओंडक्यातून काढलेलं.

त्या लाकडाचं तिकडचं नाव काका सांगायचा, मपिंगो. काकीच्या तोंडात त्याचा पिंगू झाला. सगळ्या गल्लीनं मग तेच नाव धरलं.

काकाची गोळा करायची एक पद्धत होती, ती काकीनं मला कितीदा सांगितली असेल. बाजारात मांडलेलं तो घ्यायचा नाही. सुट्टीत कारागिरांच्या वस्तीवर जायचा, दिवसभर त्यांच्याजवळ बसायचा, त्यांच्या वाकसांचे, लाकूड तासायच्या हत्यारांचे, दांडे दुरुस्त करून द्यायचा. उठताना त्यांनी आपणहून काही हातात ठेवलं तर घ्यायचा. एकदा किनाऱ्याकडच्या गावात त्याला कुणी कोरलेला जुना खांब देऊ केला होता. तिकडे घरातलं मोठं माणूस गेलं की त्याच्यासाठी असा खांब उभारतात आणि तो मग कुणी उपटत नाही. काका तिथून रिकाम्या हातानं परत आला. कुणाच्या बापाचं लाकूड आपल्या घरी आणायचं नसतं, असं तो काकीला म्हणाला होता.

मूर्तींच्या अंगावर कपडा नव्हता, याचा माझ्या आईला फार संकोच. पाहुणे यायचे असले की ती बायांच्या कमरेला चिंध्या गुंडाळून टाकायची. पाणवठ्यावर बायका काकीला विचारायच्या, "सरू, सवती कशा हायेत तुझ्या?"

काकी घागर डोक्यावर घेत म्हणायची, "ग्वाड हायेत. खायला मागत न्हाईत, भांडत न्हाईत. तुझ्या सासूपरीस बऱ्या."

दर अवसेला ती त्यांना तेल लावायची. खाली सतरंजी अंथरून सगळी माणसं आडवी ठेवायची, धोतराच्या जुन्या तुकड्यावर जवसाचं तेल घ्यायचं आणि एकेकाला चोळायचं. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा. कारण ती समुद्राकाठच्या हवेतली लाकडं, आपल्याकडच्या कोरड्या उन्हात त्यांना तहान लागते, असं काका सांगून गेला होता. मी बसलेल्या मुलीला तेल लावायची. तेल पिऊन ते लाकूड असं काही चमकायचं की त्यात खिडकी दिसायची. काकीला मूलबाळ नव्हतं. ती चोळताना काही बोलायची नाही, पण तिच्या हिरव्या बांगड्यांचा एकसारखा बारीक आवाज येत राहायचा आणि त्या आवाजात मला झोप लागायची.

मग काका यायचा थांबला. पत्रं थांबली, निरोप थांबले. का, ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही मला माहीत नाही. आबांनी मुंबईला बोटीवर जाऊन चौकशी केली, तिकडून आलेल्या लोकांना गाठलं. कुणी म्हणालं नोकरी सोडून आत कुठेतरी गेला, कुणी म्हणालं तिकडेच घर केलं, कुणी नुसती मान हलवली. आमच्या आजूबाजूला तेवढ्यात सगळं बदलत चाललं होतं. पिंपरीला निर्वासितांच्या बराकी उठल्या, माळावर औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला, भोंगा वाजायला लागला. आबांना दारं-खिडक्यांची इतकी कामं आली की पडवीत पाय ठेवायला जागा उरेना. आतल्या खोलीत मात्र काकी अवसेला तेल लावत होती आणि त्या उंच माणसाला दाराकडे तोंड करून ठेवत होती.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते त्या वर्षी थोरल्या बहिणीची, ताईची सोयरीक जमत आली. मुलाकडच्यांनी सगळं पसंत केलं आणि मग विचारलं, मुलीचा चुलता आहे की नाही? आबांना उत्तर देता येईना. आहे म्हणावं तर कुठे आहे? नाही म्हणावं तर त्याची बायको कपाळभर कुंकू लावून समोर चहा देते आहे. ते लोक वाईट नव्हते. पण ज्या घरात एका माणसाचं क्रियाकर्म अडकून पडलं आहे, त्या घरची मुलगी करायला ते भीत होते. बारा वर्षं ज्याची खबर नाही त्याचा विधी करून टाकावा, असं शास्त्र आहे, असं त्यांनीच सुचवलं.

आमच्याकडे तेव्हा तो विधी माहीत असलेले एक वयस्कर भटजी होते. त्यांनी समजावून सांगितलं. देह मिळाला नाही, तर पळसाच्या काड्यांचा आणि पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला नदीवर अग्नी द्यायचा. तो माणूस गेला असं मग समजायचं. बाकी सगळं खऱ्या मरणासारखंच. सुतक, दहावा, बारावा. आणि घरी बाईचं जे करायचं ते.

काकीनं आधी ऐकून घेतलं नाही. आबा तिच्याशी थेट बोलत नसत, थोरले दीर होते. ते पडवीत बसून आईला सांगायचे आणि आई आत येऊन तेच पुन्हा सांगायची, जणू मधल्या भिंतीला काही ऐकू येतच नव्हतं. असे कितीतरी दिवस गेले. ताई रडून रडून सुजली होती. एका संध्याकाळी काकी स्वतःच पडवीत आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि आबांसमोर उभी राहिली. असं ती आयुष्यात पहिल्यांदाच करत होती.

"तायडीसाठी मी हो म्हनते," ती म्हणाली. "पर पानाच्या मानसाला आग लावून मला रांडाव करू नका. तिकडं ग्येलेल्या मानसाचं लाकूड उभं करत्यात. तुमाला जाळायचंच हाय, तर त्यांनी हातानं आणल्यालं तरी जाळा."

आणि तिनं तो उंच माणूस आबांच्या पुढ्यात ठेवला.

आबांनी त्याच्या गुडघ्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी होकाराची मान हलवली. भटजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, काड्यांच्या आत, छातीच्या जागी ठेवा, दोष नाही.

मला तेव्हा वाटलं, काकीनं आशा सोडली. घरात सगळ्यांनाच तसं वाटलं. आईनं तर त्या रात्री तिला जवळ घेऊन झोपवलं.

आबा चाकणकडच्या डोंगरातून पळस घेऊन आले. विधीच्या दिवशी सकाळी पुरुषमाणसं नदीकडे गेली. आम्ही बायका घरी. जिला या कामाला बोलवत अशी गल्लीतली एक म्हातारी विधवा आली, दारातच बसली आणि काकीला समोर बसवलं. काकी त्या दिवशी नटली होती असं म्हणायला हवं. सगळ्या बांगड्या, डोरलं, ठसठशीत कुंकू. तिच्या चेहऱ्यावर रडं नव्हतं. ती सारखी नदीकडच्या वळणाकडे बघत होती.

झाडांवरून धूर दिसला तशी म्हातारीनं तिचा हात धरला.

"जरा थांबा," काकी म्हणाली. "मानसं माघारी येऊ द्या."

"बाई, ते यायच्या आत करायचं असतं."

"यिऊ द्या. मग करा काय करायचं ते. पर यिऊ द्या."

तिनं हात मागे घेतला. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, सरू, उगा लांबवू नको, जेवढं लांबवशील तेवढं जड जाईल. आई प्रेमानंच म्हणाली होती. दोघींनी मिळून तिचे हात धरले. काकीनं झटापट केली नाही, फक्त म्हणत राहिली, थांबा, थोडंच थांबा. उंबऱ्याच्या दगडावर बांगड्या फुटल्या. तिचं मनगट कापलं. मग ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. मी मागे तांब्या धरून उभी होते. पाणी कुणी मागितलंच नाही.

पुरुषमाणसं बऱ्याच उशिरानं आली. आबा त्यांच्याही मागून, आणखी वेळानं आले, ओल्या धोतरानं. काकीनं त्यांच्याकडे तोंड वर करून पाहिलं. कपाळ लाल झालेलं, हात मोकळे.

"जळला का?" तिनं विचारलं.

आबा ओल्या धोतराचा सोगा पिळत राहिले.

"आबा, जळला का त्यो?"

"जळला," आबा म्हणाले आणि पडवीत जाऊन बसले.

काकी "जळला?" असं स्वतःशीच एकदा म्हणाली. त्यानंतर तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. तोवर ती जी रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

ताईचं लग्न झालं. चांगलं झालं. त्यानंतर काकीनं माणसांना कधी तेल लावलं नाही. मी एकदा वाटी घेऊन गेले तर तिनं ती हातातून काढून स्वयंपाकघरात ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात दुपारच्या शांततेत आतल्या खोलीतून तड तड आवाज यायचे. पाठीला मूल बांधलेल्या बाईला खांद्यापासून कमरेपर्यंत चीर गेली. म्हाताऱ्याचा कान गळून पडला. नंतर आईनं एकाला मसाला कुटायला घेतलं, एक खाटेच्या पायाखाली गेलं. बसलेली मुलगी ताईच्या मुलानं नदीवर खेळायला नेली, ती परत आली नाही. फळी रिकामी झाली, मग तिच्यावर लोणच्याच्या बरण्या आल्या. कुणी मुद्दाम काही टाकून दिलं नाही. ती माणसं नुसती संपत गेली.

मी शिकले ती काकीमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मॅट्रिकनंतर आबांनी माझ्यासाठीही स्थळं बघायला घेतली, तेव्हा काकी पुन्हा एकदा पडवीत गेली. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "हिला शिकू द्या." आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी मला घेऊन पुण्याला कॉलेजात नाव घालून आले. मला त्याचं फार नवल वाटलं होतं. रोज पहाटे काकी मला स्टेशनपर्यंत सोडायची, कडेला उभी राहायची आणि गाडी सुटली की मागे वळायची. पदवी घेऊन आले त्या दिवशी तिनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवले आणि बोटं आपल्या कानशिलांवर मोडली. त्या हातांना जवसाचा वास राहिला नव्हता. माझ्या पदवीचा आनंद आठवायला गेलं की मला तेच मोकळे हात दिसतात.

ती शेवटच्या आजारात असताना मी तिच्याजवळ होते. एका दुपारी ती आपणहून बोलायला लागली.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली, "पिंगू जळत न्हाई. तू बारकी हुतीस. त्यातलं एक चुलीत पडल्यालं, मला रात उलटल्यावर सकाळी घावलं. राख झटकली, त्याल लावलं, हुतं तसं. म्हनून तर दिला त्यास्नी. म्हनलं, मानसं नदीवरनं माघारी येतील, म्हनतील, सरू, त्यो जळंना. मग भटजीच म्हनंल, मानूस जित्ता हाय. समदं थांबंल."

मी तिचा हात धरला. मनगटावर ती जुनी खूण होती.

"पर जळला," ती म्हणाली. "न जळनारं लाकूड जळलं. मग मी काय म्हनू? त्यांनीच सांगितलं की मला, ग्येलो म्हनून. त्या दिसापासनं मी वाट बघितली न्हाई, पोरी. येक दिस न्हाई."

ती गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कसलीच अपेक्षा नव्हती.

आबा तिच्यानंतर काही वर्षं होते. हात कापायला लागल्यावर त्यांनी काम सोडलं. एकदा मी माहेरी गेले होते, पडवीत आम्ही दोघंच होतो. काकीचा विषय निघाला. आबा बोटानं जमिनीवर रेघा ओढत होते.

"त्यो जळला न्हवता," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"पळस जळून राख झाला. नारळ फुटला. बाकीची मानसं आंघूळ करून पुढं निघाली. मी आन् भटजी राख भरायला ऱ्हायलो. बघतो तर ह्यो तसाच. पाय थोडं पोळल्यालं, बस. आनखी गवऱ्या टाकल्या, राकेल टाकलं. काय न्हाई. भटजींनी हात जोडलं. म्हनले, हा गेलेला न्हाई. घरी ने ह्याला, विधी मोडला म्हनून सांग."

"मग?"

"मग उपरण्यात गुंडाळला आन् निघालो. पळतच निघालो म्हन. गल्लीच्या तोंडाशी आलो. दारात ती दिसली." आबांनी दाराकडे बोट दाखवलं. "हात मोकळं. कपाळ पुसल्यालं. जित्या मानसाची बाईल माझ्या दारात रांडाव करून बसवलेली. ह्ये कुन्या तोंडानं सांगू मी तिला? माघारी फिरलो. भटजींचं पाय धरलं, कुटं बोलू नका म्हनलो. डोहात टाकला. दगडावानी तळाला ग्येला."

मग आबांनी विचारलं, "ती कदी काय बोलली का तुला? त्या दिसाचं?"

मी नाही म्हणाले.

त्यांनी मान हलवली. शिकलेली मुलगी, खोटं बोलत नाही, असा त्यांचा माझ्याबद्दल विश्वास होता.

आता आबा नाहीत, आई नाही, ताईही नाही. चिंचवडचं घर माझ्या धाकट्या भावाच्या मुलांकडे आहे, पडवीच्या जागी दुकानाचे गाळे आहेत. पितृपक्षात मात्र मुलं आठवणीनं सगळ्यांची पानं मांडतात आणि त्यात एक पान दामूकाकाचं असतं. विधीच्या वर्षापासून ते एकदाही चुकलेलं नाही. आता काका खरोखरच गेलेला असणार, इतकी वर्षं कुणी जगत नाही. पण पहिली काही वर्षं, समुद्रापलीकडे कुठेतरी तो सकाळी उठत असेल, रंधा हातात घेत असेल, आणि इकडे त्याची बायको स्वतःच्या हातानं त्याच्या नावाचं पान वाढून, दार उघडं टाकून, कावळा शिवायची वाट बघत बसत होती.

कावळा लगेच शिवायचा. दरवर्षी.